मामांची गोटी

कानाच्या डॉक्टरांकडे बसलो होतो, मी आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून तर आलो होतो. आणि त्यांच्या हातातल्या मोबाइलमध्ये लुडोचा फासा असा खडखडत होता, की डॉक्टरांना वेगळी तपासणी करायची गरजच पडू नये.

समोरच्या बाकावरच्या बाईंनी आधी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे आणि मग छताकडे. छताकडे बघण्याचा अर्थ मला नीट कळतो. सिटी बसमध्ये कुणी मोठ्यानं रील लावून बसलं, बँकेच्या रांगेत कुणाच्या मोबाइलमधून गोळ्या सुटायला लागल्या, की मीही असंच वर बघते. मनात म्हणते, जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी माणसानं. पण ते माणूस दुसऱ्याचं असलं की. आपलं असलं की लगेच वाटतं, असू दे, म्हातारा जीव आहे, कुणाचं काय जातंय. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण ज्यानं केली, त्यानं कुठल्यातरी दवाखान्यात बराच वेळ काढलेला असणार.

"मामा, जरा आवाज..." म्हणायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात खिडकीबाहेरून टँकर गेला. मागच्या नळीतून पाण्याची धार रस्त्यावर सांडत चाललेली, आणि एप्रिलच्या उन्हात ती ओली रेघ मागच्या मागे वाळत चाललेली. टँकर आणि फासा हे दोन आवाज एकत्र कानावर पडले की मी असेन तिथे राहत नाही. मुकुंदवाडीच्या पलीकडे आमची तेव्हाची वसाहत होती, तिथल्या कडुनिंबाखाली, उपड्या ड्रमापाशी जाऊन बसते.

ती वसाहत तेव्हा अगदी नवी. शेंद्र्याच्या कंपन्यांना माणसं हवी होती, माणसांना घरं हवी होती आणि जमीनवाल्यांना प्लॉट विकायचे होते. सगळ्यांचं सगळं जमलं, फक्त पाण्याचा विचार कुणी केला नव्हता. जिथे काल-परवापर्यंत बाजरी डोलायची तिथे सिमेंटच्या गोण्या पडायच्या, आणि बघता बघता एक घर उभं राहायचं. नवं घर आलं की आम्ही शेजारणी आधी काय बघायचो, तर त्यांनी ड्रम कुठे मांडलाय. कारण नवं घर म्हणजे टँकरच्या रांगेत नवा निळा ड्रम. माणसांची ओळख नंतर व्हायची, ड्रमची आधी. आमच्या ड्रमवर माझ्या लेकीनं, पिंकीनं, पांढऱ्या रंगानं फूल काढलं होतं, त्यामुळे बरेच दिवस लोक मला फुलवाली वहिनी म्हणत.

आणि त्यात ते दुष्काळाचं साल. पाऊस आलाच नाही असं नव्हतं. पाहुण्यासारखा दारात येऊन, चहाही न घेता निघून गेला. उन्हाळा होळीच्या आधीच येऊन बसला. त्या वर्षी आमच्या गल्लीत कुणी कुरडया केल्या नाहीत. गहू भिजवायला पाणी कुठून आणणार? गच्च्या नुसत्याच तापत पडलेल्या. कूलर होते, पण कूलरला पाणी पाजायचं की पोरांना, हा प्रश्न होता. मग नुसता पंखा गरम वारा इकडचा तिकडे ढकलत बसायचा. दुपारी कडुनिंबाचा बारीक मोहर गळायचा आणि रिकाम्या ड्रमांच्या तळाशी जाऊन पडायचा. त्याचा तो कडवट गोड वास आजही आला की मला आधी तहान लागते.

टँकरला वेळ नव्हती. येणार येणार म्हणत दुपार सरायची. आपण घरात असलो आणि तो आला, तर पाइप आपला ड्रम सोडून पुढे जायचा. म्हणून प्रत्येक घरातलं एक माणूस कडुनिंबाखाली बसलेलं असायचं. कडुनिंबाचा तो रिकामा प्लॉट पुण्यातल्या कुणाचा तरी होता. आम्ही त्याच्या झाडाच्या सावलीत बसायचो हे त्याला आजही माहीत नसेल. मी तेव्हा वसाहतीतल्याच एका लहान शाळेत शिकवत होते आणि शाळेला सुट्टी लागली होती, त्यामुळे आमच्या घरचं ते माणूस म्हणजे मी.

सुरुवातीला तिथे प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मोबाइल आणि प्रत्येकाचा स्वतःचा आवाज. एकीकडे मालिका, एकीकडे फळं फुटायचा खेळ, एकीकडे भजन. नुसता बाजार. कडेच्या घरातल्या मोरे काकू एक दिवस कंबरेवर हात ठेवून बाहेर आल्या. "माझ्या पोरीची कॉलेजची परीक्षा चाललीय. तुमचं काय लग्न हाय का इथं?" काकूंचं बरोबर होतं. शिवाय दुपारची लाइट जायची, चार्जिंग पुरायचं नाही. मग आपोआप एक रीत पडली. एका दिवशी एकाच मोबाइलवर सगळ्यांनी मिळून लुडो खेळायचा आणि आवाज एवढाच ठेवायचा की खेळणाऱ्यांना ऐकू यावा. टँकरचा हॉर्न वाजला की डाव जिथे असेल तिथे थांबायचा, मग तुमची गोटी घराच्या दारात का असेना. आणि जो खेळात आहे त्याच्या ड्रमाकडे शेजाऱ्यानं लक्ष ठेवायचं. कुणी ठराव केला नाही, कुठे लिहून लावलं नाही. पण ती रीत मोडलेली मी कधी बघितली नाही. आणि सर्वांत पक्की राखली मोरे काकूंनीच, कारण दुसऱ्या आठवड्यापासून त्याही खेळायला बसत होत्या.

त्याच उन्हाळ्यात मामा आमच्याकडे आले.

पाचोडच्या अलीकडे आमचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडणारं घर. थोडी कोरडवाहू जमीन, एक विहीर, आणि मामांची मेंढरं. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. मग विहीर गेली. शेवटी चाराच उरला नाही तेव्हा मामांनी पाचोडच्या आठवडी बाजारात मेंढरं विकली. आमचे हे जाऊन त्यांना घेऊन आले. मामा आले ते खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेऊन. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. पण आयुष्यभर मागे कळप असायचा, आणि मानेला ते अजून कळलेलं नव्हतं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

आता तुम्हाला आमच्याकडची रीत सांगायला हवी. सून सासऱ्याशी बोलत नाही. म्हणजे भांडण असतं असं नाही, मान असतो. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि बोलायचंच झालं तर तिसऱ्याच्या तोंडून. मामा भिंतीकडे बघून म्हणायचे, "पिंके, सांग तुझ्या आईला, चहा टाक म्हणावं." मी चुलीपाशी उभी, दोन हातांवर. मला ऐकू आलेलं असायचं. तरी पिंकी इमानेइतबारे येऊन सांगायची, "आई, चहा टाक." पिंकी घरात नसली तर मामा भिंतीलाच सांगायचे. वस्तूही हातात द्यायची नाही. कप खाली ठेवायचा, मग ते उचलणार. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मामांनी माझ्याशी आणि मी मामांशी सरळ असा एक शब्द बोललो नव्हतो. आणि शाळेत मी अशी, की मुख्याध्यापकही माझ्या तोंडी लागायला बिचकायचे.

मामांना घरात करमेना. गावाकडे पहाटेपासून हातांना काम असायचं. इथे हात मांडीवर ठेवून बसायचे, आणि ते हात तिथे पाहुण्यासारखे अवघडून पडलेले असायचे. मग तेही कडुनिंबाखाली येऊन बसायला लागले. आमच्यापासून थोडं दूर, ड्रमांच्या रांगेच्या टोकाला, काठी आडवी धरून. ड्रम राखत.

एका दुपारी आमच्यात चौथं कुणी नव्हतं. मी, मोरे काकू आणि शबाना भाभी. शबाना भाभी आमच्या शेजारी, शिवणकाम करायच्या. मोबाइल त्यांचा होता आणि चौघांशिवाय खेळायला त्यांना आवडायचं नाही. त्यांनी सरळ हाक मारली, "मामा, आव ना. बैठो. चौथा कोई नहीं."

मी घाबरले. म्हटलं, आता हे उठून जातील. पण मामा आले, पटाकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "आमी रानात दगडावर कोळशानं पट काढायचो. वाघ-बकरी खेळायचो. ह्यात वाघ कोण हाय?"

"इसमें सब बकरी, मामा," शबाना भाभी म्हणाल्या. "और सब वाघ बी."

मामा बसले. आमच्या फुलाच्या ड्रमाला उपडं करून त्यावर मोबाइल ठेवला होता. त्या ड्रमानं माझी लाज राखली. मोबाइल हातातून हातात द्यायचा प्रश्नच नव्हता. तो मध्ये पडलेला, आणि ज्याची पाळी त्यानं वाकून बोट लावायचं. मी एका हातानं वाऱ्यावर उडणारा पदर धरलेला, दुसऱ्या हातानं फासा टाकते आहे. मामांचं बोट पहिल्यांदा काचेवर नुसतंच घसरलं. तळहात असे निबर झालेले की मोबाइलला ते बोट वाटेचना. शबाना भाभींनी दाखवलं, मग जमलं. पहिल्यांदा सहा पडले आणि लाल गोटी टुणकन बाहेर आली, तेव्हा मामांनी इकडेतिकडे असं बघितलं, जशी कोकरू जन्मल्याची बातमी कुणाला तरी सांगायची आहे.

मग ते घडलं. मोरे काकूंची पाळी झाली आणि मी काकूंशी बोलण्याच्या नादात होते. ड्रमाच्या पलीकडून आवाज आला, "तुझी पाळी."

भिंतीला नाही, पिंकीला नाही. मला. दोन शब्द. मी फासा टाकला, किती पडले ते आठवत नाही. काकूंनी माझ्याकडे आणि मी काकूंकडे बघितलं आणि दोघींनीही काहीच झालं नाही असं दाखवलं. त्या दिवसानंतर रोज दुपारी मला ते दोन शब्द ऐकायला मिळायचे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण मला वडील आठवत नाहीत. माझं माहेर गंगापूरकडचं, आणि मी पाळण्यात असतानाच ते गेले. वडिलांच्या वयाचं माणूस मला सरळ 'तू' म्हणून हाक मारतंय, हे मला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मिळालं. टँकर उशिरा यावा असं मनातून वाटायचं. दुष्काळात असं वाटणं पाप आहे, पण वाटायचं.

पण रीत अशी सुटते का? ती पटावर येऊन बसली. एक दिवस माझी हिरवी गोटी मामांच्या लाल गोटीच्या बरोबर तीन घरं मागे होती, आणि मला तीनच पडले. शबाना भाभी ओरडल्या, "मारो!" माझं बोट थांबलं. सासऱ्याची गोटी मारायची? चारचौघांत, भर रस्त्यावर? ज्यांच्यासमोर मी मोठ्यानं हसत नाही, त्यांची गोटी धरून घरी पाठवू? मी दुसरीच गोटी तीन घरं पुढे सरकवली. भाभींनी कपाळावर हात मारला.

आणि आमच्या बायका म्हणजे एकीनं केलं की सगळ्यांनी. मोरे काकूही मामांची गोटी मारेनात. "वडीलधारं माणूस हाय," म्हणायच्या. शबाना भाभींनी आधी एक-दोनदा मारली, मग मी डोळे वटारल्यावर त्याही सोडून द्यायला लागल्या. मोबाइलला मात्र मानपान कळत नाही. कुणाकडे चालवायला एकच गोटी उरली असली, की तो विचारत बसत नाही, आपल्या मनानं चालवतो आणि मारून मोकळा होतो. मग आम्ही तिघी एकदम, "अरे! मोबाइलनंच मारली!" म्हणून त्याला शिव्या द्यायचो. मामा रोज जिंकायला लागले. आम्हाला वाटायचं, किती छान चाललंय. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच आनंद.

मामा काही बोलत नव्हते. पण बोलत नसलेल्या माणसाला दिसत नसतं, असं कोण म्हणतं?

एका दुपारी ते वेगळंच खेळायला लागले. गोटी सुरक्षित चांदणीवर नेऊन ठेवता येत असताना मुद्दाम उघड्यावर ठेवायचे. माझ्या पुढ्यात, काकूंच्या पुढ्यात. आम्ही सोडून द्यायचो. पुन्हा ठेवायचे. आम्ही पुन्हा सोडायचो. शेवटी त्यांची एकच गोटी राहिली, घराच्या वाटेला लागायला चार घरं कमी. आणखी एक-दोन पाळ्या आणि डाव त्यांचा. मामांनी हात मागे घेतला. काठी टेकली आणि उठले.

पिंकी जवळच चिंचोक्यांशी खेळत होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, पण आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा होता, "पिंके, कळपात मेंढरू म्हातारं झालं ना, की कुत्रं बी त्याच्यावर भुकत नाय. मागं राहिलं तर राहू देतंय. समदे त्याला संभाळून घेतात. तव्हा समजायचं, येत्या बाजाराला त्याचा नंबर."

आणि घराकडे चालू लागले. तेवढ्यात हॉर्न वाजला, टँकर आला, डाव थांबला. ड्रम भरताना माझ्या हातून निम्मं पाणी सांडलं आणि मला कुणी बोललंही नाही.

दुसऱ्या दिवशी मामांचे चुलत भाऊ तुकाराम अण्णा गावाहून आले. सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायचे होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. डोळे दाखवून झाले, दुपारी जेवायला आले, आणि ताटावर बसल्या बसल्या मामा भिंतीला म्हणाले, "सांग तुझ्या आईला, आज मी तुक्यासंगं जाणार. घोंगडी बांधली म्हणावं."

आमचे हे कंपनीत होते. फोनवर म्हणाले, "जाऊ दे. त्यांचं मन तिकडंच हाय." मन तिकडे होतं, पण तिकडे काय होतं? कुलूप लावलेलं घर. गाळ दिसणारी विहीर. मेंढरं नाहीत, सासूबाई नाहीत. खोकला आला तर पाणी द्यायला कुणी नाही. मामा तिथे जाऊन मरणाची वाट बघत बसतील, हे मला भाकरी थापताना इतकं लख्ख दिसलं, की भाकरी तव्यावर करपली. आणि त्यांना तिकडे आम्ही पाठवत होतो, आमच्या मानानं. रागावून नाही, जिंकवून जिंकवून.

दुपार कलायला लागली तशी नेहमीसारखी सगळी कडुनिंबाखाली जमली. मामा आणि अण्णा बांधलेली घोंगडी घेऊन बाहेर पडले. स्टँडवर जायचा रस्ता कडुनिंबावरूनच. मी शबाना भाभींना म्हटलं, "कालचा डाव हाय का मोबाइलमधी?"

"हौ, वैसाच पडेला है."

मी मोबाइल घेतला, फुलाचा ड्रम उपडा केला आणि त्यावर ठेवला. मामा समोर आले. मी पदर नीट केला. आणि भिंत नाही, पिंकी नाही, मी सरळ त्यांना म्हटलं, "मामा, डाव अर्धा राहिलाय. तुमची पाळी हाय."

मोरे काकूंच्या तोंडून "बया!" एवढंच निघालं. अण्णा तर जागेवर थिजले. "दादा, हे काय? सुनंसंगं फासं? भर रस्त्यात? पाचोडात कळलं तर लोक तोंडात शेण घालतील."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांनी माझा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला असेल. मग काठी खाली ठेवली आणि बसले. "अर्धा डाव टाकून जायची रीत नाय आपली," ते अण्णांना म्हणाले. फासा टाकला. दोन. लाल गोटी दोन घरं पुढे गेली. आता घराची वाट दोनच घरांवर.

माझी पाळी. मला पाच पडले. माझी एक गोटी पाचांत घरात जात होती, पिकत होती. आणि दुसरी मामांच्या गोटीच्या बरोबर पाच घरं मागे होती.

शबाना भाभी हळूच म्हणाल्या, "भाभी, सोच के."

अण्णा बघत होते. अख्खी गल्ली बघत होती. मी मागची गोटी दाबली.

हिरवी गोटी एक एक घर टुणटुण चालत गेली आणि लाल गोटीवर बसली. लाल गोटी सर्रकन उलटी पळत सुटली. कोपरे वळत, आलेली सगळी वाट मागे टाकत, थेट जिथून निघाली होती तिथे जाऊन पडली. आवाज बारीक ठेवलेला होता, तरी तो पळण्याचा आवाज मला सगळ्या वसाहतीला ऐकू गेल्यासारखा वाटला.

"घ्या," अण्णा म्हणाले. "काय दिवस आले."

मामा पटाकडे बघत होते. मग म्हणाले, "चुकून मारली का?"

"नाय मामा. घरात जाती गोटी सोडून मारली."

मामांनी पटावरची माझी ती दुसरी गोटी शोधली, बोटानं घरं मोजली, खात्री केली. आणि मग ते हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग आवाज आला, डोळ्यांतून पाणी आलं. मामांना हसताना मी कधी ऐकलंच नव्हतं. पिंकी चिंचोके टाकून धावत आली. हसू ओसरल्यावर ते सवयीनं म्हणाले, "पिंके, सांग तुझ्या आईला..." आणि थांबले. माझ्याकडे वळले. काठी माझ्यावर रोखून म्हणाले, "थांब तू. तुझी एक बी गोटी आता घरी जाऊ देत नाय."

मग अण्णांना म्हणाले, "तुक्या, तू हो पुढं. माझा डाव हाय इथं."

घोंगडीची गाठ पिंकीनं सोडली. टँकरचा हॉर्न वाजला तेव्हा डाव रीतीप्रमाणे थांबला आणि मामा आमचा ड्रम सरळ करून पाइपापाशी घेऊन गेले, माझ्याआधी. अण्णांनी गावाकडे जाऊन जे सांगायचं ते सांगितलं असेलच. पुढच्या लग्नाला गेलो तेव्हा दोन-तीन म्हाताऱ्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. बघू देत.

आता त्या वसाहतीत कडुनिंब नाही. पुण्यातल्या मालकानं तिथे तीन मजले चढवले. नळ आले आहेत, नळाला पाणी येतं तेव्हा येतं, आणि टँकर अजूनही रस्त्यानं सांडत जातात. शबाना भाभी लेकाकडे राहायला गेल्या. पिंकी पुण्यात शिकते. शहराचं नाव बदललं, आम्ही घर बदललं. मामा मात्र जिथे बसतील तिथे पट मांडतात. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या मांडवात. आणि कान जसजसे जात आहेत तसतसा आवाज वाढतो आहे. जित्याची खोड.

"ताई," समोरच्या बाई शेवटी म्हणाल्याच, "जरा आवाज कमी करता का? माझं डोकं दुखतंय हो."

त्यांचंही बरोबर होतं. मोरे काकूंचं बरोबर होतं तसंच. डोकं दुखणाऱ्या माणसाला माझ्या सासऱ्यांची गोष्ट कशाला सांगायची? मी "सॉरी हं," म्हटलं आणि पर्समधून पिंकीचा जुना वायरचा इअरफोन काढला. मोबाइलला लावला. एक बोंडी मामांच्या डाव्या कानात घातली. त्या कानानं अजून साथ सोडलेली नाही. मामा दचकले, मग फासा थेट डोक्यात वाजलेला ऐकून खूश झाले. दुसरी बोंडी लोंबत होती. ती मी माझ्या कानात घातली. वायर आखूड, त्यामुळे मला त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. समोरच्या बाईंनी आमच्याकडे बघितलं. या वेळी छताकडे नाही बघितलं.

"कंप्युटरसंगं खेळून मजा येत नाय," मामा म्हणाले. "चल, तू बस."

डाव मांडला. चांगला रंगला. मामांनी माझ्या दोन गोट्या मारल्या, दोन्ही वेळा मुद्दाम, घरात जाणारी सोडून. मग फासा टाकून झाल्यावर त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. हातातून हातात. "धर. तुझी पाळी."

मला चार पडले. चार घरांवर मामांची शेवटची गोटी उभी होती, उघड्यावर. तेवढ्यात आतून नर्सनं मामांचं नाव पुकारलं. मामांना ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा पुकारलं. तरी नाही. मी आधी बोट टेकवलं. लाल गोटी सर्रकन मागे पळाली, आमच्या दोघांच्या कानांतून.

ते मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं.

"मारलीस?"

"मारली, मामा. चला, डॉक्टर बोलवतायत."

"बसू दे डॉक्टरला," मामा म्हणाले आणि माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला. "माझी पाळी हाय."